एक सेंटिमीटर कमी

पाठ भिंतीला टेकवून आणि पाय समोर सरळ पसरून मी बसलो, की बुडापासून टाचेपर्यंतचं अंतर ९८ सेंटिमीटर भरतं. हवाई दलात विमान चालवायचं तर ते किमान ९९ लागतं. हे मला १९८५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. तोवर माझ्या शरीराची मापं फक्त शिंप्यानं घेतली होती.

लेखी परीक्षा झाली होती. निवड मंडळापुढचे दिवस, गटचर्चा, मुलाखत, वैमानिकाचा कल तपासणारी यंत्रावरची चाचणी, सगळं पार पडलं होतं. मेडिकलपर्यंत आम्ही थोडेच उरलो होतो. मोजणाऱ्या माणसानं आकडा दोनदा पाहिला, लिहिला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. त्याचं त्यात काही चुकलं नाही. मी परतीच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलो आणि एसटीनं दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येवढं बोटभरासाठी?" खरं तर बोटभरही नव्हतं.

गावानं मात्र हे कारण मान्य केलं नाही. पाय लहान म्हणून कोणाला परत पाठवतात का? मग तर्क निघाले. पोराच्या हृदयाला छिद्र आहे, एका कानानं ऐकू येत नाही, रात्रीचं दिसत नाही. काही वर्षांनी स्थळं येऊ लागली तेव्हा अकोटकडच्या एका पाहुण्यांनी थेटच विचारलं, "पोराले मेडिकलमंधून काहून काढलं होतं?" बाबांनी खरं तेच सांगितलं. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

पुढे मी अमरावतीत तीसेक वर्षं इतिहास शिकवला. दर एक-दोन वर्षांनी एखादा विद्यार्थी मेडिकलमधून परत आलेला भेटे. कोणाचा डोळा, कोणाचा कान, कोणाची पाठ. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीच लाज, जी मी बडनेऱ्याच्या फलाटावर घेऊन उतरलो होतो. त्यांच्यामुळे मी या परीक्षेचा इतिहास वाचायला लागलो. माझा प्रश्न साधा होता : ९९ हा आकडा आला कुठून? वाचता वाचता लक्षात आलं ते असं, की हा माणूस या यंत्रात सुखरूप बसेल का, एवढंच ही परीक्षा विचारते. माणूस धडधाकट आहे का, हा निराळा प्रश्न. वऱ्हाडात आपण या दोन प्रश्नांची गल्लत करतो आणि तिची किंमत पोरं मोजतात.

*

ही गल्लत समजण्यासारखी आहे. शरीराविषयीची आपली समज आखाड्यात घडली. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. दंड-बैठका, मल्लखांब, लाठी, कुस्ती यांना शिस्त आणि अभ्यासक्रम देणारी ही संस्था. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या निमित्तानं मंडळाच्या पथकानं हुतूतूसारखे आपले खेळ जगापुढे मांडले. अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांतल्या तालमींना त्या नावाचा आधार होता. माझे आजोबा पहाटे तालमीत जात आणि त्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी असे : कमावलेलं शरीर.

या शब्दात सगळं आलं. शरीर ही कमवायची गोष्ट आहे. ज्यानं घाम गाळला त्याचं झालं, ज्यानं आळस केला त्याचं राहिलं. मग जो तपासणीत मागे पडला तो एक तर आळशी किंवा आतून पोकळ.

वैमानिकाची तपासणी नेमक्या त्या गोष्टी पाहते ज्या कमावता येत नाहीत. मांडीच्या हाडाची लांबी दंड काढून वाढत नाही. बुबुळाची ठेवण दूध पिऊन बदलत नाही. लाल-हिरव्यातला फरक ओळखणाऱ्या पेशी डोळ्यात आहेत की नाहीत, हे जन्माच्या आधीच ठरलेलं असतं. कुस्तीगिराचा मोडलेला कान ही आखाड्यातली पदवी. मेडिकलचा डॉक्टर त्या कानाच्या आत बघतो. नाक दाबून, तोंड मिटून जोर लावल्यावर पडदा हलतो का, एवढंच त्याला हवं असतं. कारण विमान झपाट्यानं खाली येताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि तो आतून जुळवून घेता आला नाही तर कान फाटल्यासारखा दुखतो. अशा वेळी छाती किती इंचांची आहे याचा काही उपयोग नसतो.

*

विमानं आली तेव्हा अशी परीक्षा नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला उडायला येणाऱ्याची सैनिकाची साधी तपासणी होई. मग माणसं मरू लागली आणि मरणाचा हिशेब मांडला गेला. ब्रिटिश वैमानिकांच्या मृत्यूंचा तेव्हा सांगितला जाणारा एक हिशेब पुढे विमानवैद्यकाच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसला : शंभरातले दोन शत्रूमुळे, आठ विमानातल्या दोषामुळे आणि उरलेले नव्वद वैमानिकाच्या स्वतःच्या उणिवांमुळे. आकडे फार गोल आहेत, इतिहासाच्या माणसाला ते खटकतात. पण त्यातून निघालेला धडा सगळ्या सैन्यांनी घेतला. उडणाऱ्याला वेगळा डॉक्टर आणि वेगळी परीक्षा हवी.

मग डॉक्टर कामाला लागले. ब्रिटनमध्ये मार्टिन फ्लॅक या शरीरशास्त्रज्ञानं एक चाचणी बसवली. नळीत फुंकून पारा ४० मिलिमीटरपर्यंत चढवायचा आणि जमेल तितका वेळ तिथंच धरून ठेवायचा. शेजारी डॉक्टर नाडी मोजत राहणार. हाच फ्लॅक १९०७ साली आर्थर कीथबरोबर हृदयाचा ठेका धरणारी गाठ शोधणाऱ्यांपैकी एक. १९१४ चं नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बारानी यांच्या संशोधनावरून गरगर फिरणारी खुर्ची आली. तीत बसवून उमेदवाराच्या कानातला तोल पाहिला जाई. रंगांच्या ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायला लावणारी पुस्तिका आज प्रत्येक चष्मेवाल्याकडे दिसते. तीही लष्कराचीच देणगी. जपानी सैन्यातले डॉक्टर शिनोबु इशिहारा यांनी ती १९१७ साली प्रसिद्ध केली.

भारतीयांना मात्र या सगळ्या तपासण्यांच्या आधी एक तपासणी होती आणि ती कातडीच्या रंगाची होती. ऑक्सफर्डला शिकलेले हरदित सिंग मलिक ब्रिटिश हवाई दलात जायला निघाले तेव्हा त्यांना दार बंद मिळालं. ते फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवायला गेले. त्यांच्या प्राध्यापकांनी पत्र लिहून भीड घातल्यावर १९१७ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्यांच्यासारख्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. केंब्रिजला शिकलेला हा तरुण २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन जातीचं विमान चालवत असे. जून १९१८ मध्ये तो गेला. त्याचं थडगं फ्रान्समध्ये हँगार्ड इथे आहे.

याच काळात आपल्या वऱ्हाडाचाही विमानांशी एक आडवळणाचा संबंध येऊन गेला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं आणि १९०२ च्या करारानं इंग्रजांनी ते कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं होतं. त्यापोटी निजामाला वर्षाला २५ लाख रुपये मिळत. त्याच निजामाच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या स्क्वाड्रनची पहिली विमानं आली आणि त्या स्क्वाड्रनला हैदराबादचं नाव मिळालं. ज्या मुलखाचं भाडं निजामाच्या खजिन्यात जात होतं, त्या मुलखातल्या पोराला त्या विमानाच्या शिडीवर पाय ठेवण्याची सोय नव्हती.

मेडिकलचा खरा नायक मात्र कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. डोळ्यांच्या तपासणीत तो नापास झाला. शाळेतून नुकताच बाहेर पडलेला हा मुलगा लंडनमधल्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडे गेला. फीसाठी त्यानं आपली मोटरसायकल विकली असं सांगतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं आणि त्याला प्रवेश मिळाला. डिसेंबर १९१७ मध्ये त्याचं विमान कोसळलं, तो मेला समजून त्याला मृतांत ठेवलं गेलं. तो शुद्धीवर आला. पुन्हा त्याला उड्डाणासाठी अनफिट ठरवलं गेलं आणि पुन्हा त्यानं वरिष्ठांच्या मागे लागून परवानगी मिळवली. जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत त्यानं शत्रूची दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला तो मारला गेला. तेव्हा त्याला वीसही पूर्ण झाली नव्हती.

ही गोष्ट मी वर्गात सांगत असे तेव्हा मुलं टाळ्या वाजवत. मी स्वतः मात्र मलिकांच्या एका साध्या हकिगतीपाशी जास्त रेंगाळतो. त्यांच्या पायात जर्मन बंदुकीच्या दोन गोळ्या होत्या, त्या जन्मभर तिथंच राहिल्या आणि त्यांच्यासह ते उडत राहिले. त्यांना आडवं आलं ते एरंडेल. त्या काळच्या कॅमल विमानाच्या इंजिनाला एरंडेल तेल लागे आणि त्याचा फवारा वैमानिकाच्या तोंडावर येई. मलिकांना त्याची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं नाही. एरंडेल न लागणाऱ्या ब्रिस्टल विमानावर त्यांची बदली झाली आणि ते पुन्हा फिट झाले. माणूस तोच, शरीर तेच. फक्त यंत्र बदललं.

*

भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालं. त्यासाठी इंग्लंडमध्ये क्रॅनवेलला शिकलेल्या पहिल्या तुकडीत पाच वैमानिक ठरले : हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, ऐजाद बक्ष आवान आणि अमरजित सिंग. सहावे होते जे. एन. टंडन. त्यांची उंची कमी पडली. त्यांना विमानाऐवजी सामानसुमानाच्या शाखेत जावं लागलं. म्हणजे भारतीय हवाई दलाच्या पहिल्या पानावरच मापात न बसलेला एक माणूस आहे आणि तोही त्या दलाच्या संस्थापकांपैकीच एक. हे वाचलं त्या दिवशी मला उगाचच घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मापांना खरी धार आली ती जेट विमानांबरोबर. वेग इतका वाढला की संकटात वैमानिकाला दार उघडून उडी मारणं अशक्य झालं. मग आसनासकट माणसाला बाहेर फेकणारी यंत्रणा आली. २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच हा माणूस मार्टिन-बेकर कंपनीच्या अशा आसनातून चाचणीसाठी उडत्या विमानाबाहेर फेकला गेला आणि सुखरूप उतरला. हे आसन सुटतं तेव्हा क्षणभर माणसाचं वजन बारा-पंधरा पटींहूनही जास्त होतं आणि तो सगळा भार मणक्यावर येतो. वाकडा मणका किंवा जन्मतः नीट न जुळलेला मणका त्या क्षणी मोडू शकतो. म्हणून पाठीचे एक्सरे.

आता मापं. बसल्यावर डोक्यापर्यंतची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर. त्याहून जास्त असेल तर डोकं वरच्या काचेला लागतं, कमी असेल तर नाकासमोरचं नीट दिसत नाही. मांडी ६४ सेंटिमीटरपर्यंत. त्याहून लांब असेल तर आसन बाहेर पडताना गुडघे समोरच्या पट्टीवर आपटून तुटतात. पायाची लांबी ९९ ते १२०; कमी असेल तर पायाखालचं रडर शेवटपर्यंत दाबता येत नाही. उभं राहून किमान उंची १६२.५. ही सगळी मापं कॉकपिटची आहेत. कॉकपिट आधी बनलं आणि आम्ही त्यात बसतो का, ते नंतर पाहिलं गेलं.

हे समजायला मला वीस वर्षं लागली. माझ्या ९८ सेंटिमीटरमध्ये काही खोट नव्हती. समोर एक पेडल होतं आणि ते माझ्यापासून एक सेंटिमीटर लांब होतं.

१९५७ साली बंगळुरूत विमानवैद्यकाची स्वतंत्र संस्था सुरू झाली. आज ती इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन म्हणून ओळखली जाते. वैमानिक होऊ पाहणाऱ्यांची तपासणी तिथे किंवा दिल्लीच्या हवाई दल वैद्यकीय केंद्रात होते. डोळ्यांचा दूरचा आणि जवळचा अंक, रंग, दोन्ही डोळे एकत्र चालतात का, कान, नाकाचा पडदा, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी. निकाल तीन प्रकारचे : फिट, तात्पुरता अनफिट आणि कायमचा अनफिट. नाकाचं वाकडं हाड, कानातला मळ, वाढलेलं वजन अशा दुरुस्त होणाऱ्या गोष्टींसाठी मुदत मिळते. निकाल मान्य नसेल तर ठरलेल्या दिवसांत अपील करता येतं. इंद्रलालला मोटरसायकल विकून जे करावं लागलं, त्याला आता नियमात जागा आहे. आमच्याकडे मात्र 'अनफिट' हा शब्द कानावर पडताच मुलं कागद घडी करून खिशात घालतात आणि गाडी पकडतात. अपील म्हणजे साहेबाशी भांडण, अशी आपली समजूत.

*

आता वऱ्हाडातल्या एका खास गोष्टीकडे वळतो, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

काही वर्षांपूर्वी तेल्हारा तालुक्यातला माझा एक विद्यार्थी निवड मंडळातून पार पडला. मापं चोख, डोळे स्वच्छ, धावण्यात जिल्ह्यात नाव. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा खडा निघाला. त्याला आयुष्यात कधी कळ आली नव्हती. नियम स्पष्ट आहे : मूतखडा लहान असो वा मोठा, एक असो वा अनेक, लघवीची वाट अडवत असो वा नसो, उमेदवार अनफिट. पूर्वी कधी होऊन गेला असेल, तरीही अनफिट. डॉक्टर त्याला 'हिस्ट्री' म्हणतात. माझा विषय असा एका पोराच्या आडवा येईल असं वाटलं नव्हतं.

नियम निष्ठुर वाटतो, पण ज्यानं मूतखड्याची कळ पाहिली आहे त्याला तो समजेल. जमिनीवर माणूस लोळतो, भिंतीला धडका देतो. कॉकपिटमध्ये एकटा असताना ती कळ उठली तर?

पण तो खडा आला कुठून? अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर अशा तालुक्यांचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, खोल आणि कापसाला नामी. खालचं पाणी खारट. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी पाहुण्यांच्या तोंडात जात नसे. मूत्रपिंडाच्या दुखण्यांची ओरड या पट्ट्यात जुनी आहे. त्यात उन्हाळा अकोल्याचा, पारा ४५ अंशांवर. लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार गोळा व्हायला लागतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. शेतात राबणारं पोर घामानं निथळतं आणि खारं पाणी नकोसं वाटतं म्हणून कमी पितं. म्हणजे आखाड्यातला उस्ताद ज्याला कष्टाळू म्हणेल, त्याच पोराच्या पोटात खडा साठायची शक्यता जास्त.

इथे मला आजोबांचा शब्द उलटा करून वापरावासा वाटतो. ९९ सेंटिमीटर कमावता येत नाहीत. पण भरपूर गोडं पाणी मिळालं तर खडा टाळता येण्याची शक्यता नक्की वाढते. त्या पाण्याची सोय करणं एकट्या पोराच्या हातात नाही. तेल्हाऱ्याचा तो मुलगा मेडिकलमध्ये नापास झाला, असं मी म्हणत नाही. आमच्या पट्ट्याचं पाणी नापास झालं.

दुसरी गोष्ट रक्ताची. विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली लॅन्सेट या नियतकालिकात मांडलं होतं. आपल्या सैन्यदलांच्या नियमांत हा आजार अपात्रतेच्या यादीत आहे. मेळघाटातल्या किंवा अकोल्याच्या वस्त्यांतल्या मुलाला हे रक्तातलं सत्य विसाव्या वर्षी, स्वप्नाच्या दारात का कळावं? एका साध्या रक्ततपासणीचा प्रश्न आहे.

आणि नियम दगडावर कोरलेले नसतात. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत सिकलसेलचा फक्त वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या तरुणांनाही पूर्वी प्रवेश नव्हता. त्याचा फटका मुख्यतः कृष्णवर्णीयांना बसे. १९८१ मध्ये ती बंदी उठली. आपल्याकडे बायकांचं शरीर विमानाला चालत नाही हे कित्येक दशकं गृहीत होतं. १९९४ पासून महिला वैमानिक मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं चालवू लागल्या. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग लढाऊ विमानांच्या वैमानिक झाल्या. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली शिकू लागल्या. चष्म्याचा अंक घालवणारी लेझर शस्त्रक्रिया एके काळी थेट अपात्र ठरवी. आता विसाव्या वर्षानंतर केलेली, वर्षभर स्थिर राहिलेली आणि इतर अटींत बसणारी अशी शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते.

आमच्या अमरावतीच्या एकेकाळच्या खासदार प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, पुण्याच्या लोहगावहून सुखोई विमानातून अर्धा तास उडून आल्या. वय ७४. त्याआधी त्यांचीही वैद्यकीय तपासणी झाली होती. त्या मागच्या आसनावर होत्या. विमान त्यांना चालवायचं नव्हतं. म्हणजे डॉक्टरांपुढचा प्रश्न वेगळा होता, म्हणून उत्तरही वेगळं आलं. त्यांच्याआधी तीन वर्षं त्याच लोहगावहून सुखोईत बसले होते ते अब्दुल कलाम. १९५८ मध्ये देहरादूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीस जणांत त्यांचा क्रमांक नववा लागला होता आणि जागा आठच होत्या.

*

अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी महायुद्धाच्या काळापासून आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचं पहिलं नियमित विमान उडालं आणि तिथेच मोठी वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहत आहे. नागरी वैमानिकाला चष्मा चालतो. म्हणजे लढाऊ विमानाला नको असलेला डोळा प्रवासी विमानाला चालू शकतो. पुन्हा तेच, यंत्र बदललं की निकाल बदलतो. आता आमच्या पोरांना विमान रोज दिसेल आणि स्वप्नं पाहणारे वाढतील. त्यांच्या शिकवण्यांवर आईबाप शेत विकून पैसे लावतील. त्याआधी पन्नास रुपयांची एक टेप आणि रंगांच्या ठिपक्यांची एक पुस्तिका शाळेत असावी, एवढं माझं म्हणणं आहे. आठवी-नववीतच कळावं की डोळ्याला रंग कळतात का, कान वाहिलेला आहे का, रक्तात काय आहे, पोटात खडा आहे का. जे दुरुस्त होतं त्याला वेळ मिळेल. जे होत नाही त्याला दुसरी वाट धरता येईल, आणि मान खाली न घालता धरता येईल.

गेल्या हिवाळ्यात मी गावच्या शाळेत भिंतीपाशी जमिनीवर टेप चिकटवली आणि नववीच्या मुलांना एकेक करून बसवलं. एका मुलाचा पाय ९६ भरला. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, तुझी वाढ अजून बाकी आहे, आणि नाही वाढला तरी माझा ९८ च आहे. पोरं हसली. मग मी स्वतः बसलो आणि त्यांच्याकडून मोजून घेतला. चाळीस वर्षांत मी हा आकडा चारचौघांत पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकला.

एका मुलीचा १०१ भरला. "म्हणजे मी पास, सर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पेडलपर्यंत पोचतेस. बाकीचं अजून बाकी आहे." संध्याकाळी तिची आई घरी आली. म्हणाली, "सर, पोरीचा पाय लांब हाये हे गावात सांगू नोका, लगनाले अडचन येते."

मी तिला आतून पाण्याचा पेला आणून दिला आणि बसायला सांगितलं. सांगायला बरंच होतं.